डेस्कटॉपवरचा पसारा: हलणारं आधी बंद करा, साचलेलं नंतर आवरा

शब्दपालवी

मी घरून भाषांतराचं काम करते. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात मूळ मजकूर, उजव्या अर्ध्यात वर्ड. दिवसभर नजर या दोहोंत ये-जा करते, त्यामुळे त्या वाटेत जे चमकतं, उसळतं, आकडा बदलतं ते थेट कामात घुसतं. अर्धं वाक्य डोक्यात असताना खाली काहीतरी लुकलुकलं की वाक्य सुटतं आणि परिच्छेद पुन्हा वरून वाचावा लागतो.

या विषयावर शोधलं तर बहुतेक ठिकाणी सल्ला एकच: छान वॉलपेपर लावा, आयकॉन्स फोल्डरमध्ये भरा. माझं मत जरा वेगळं आहे. पसारा दोन जातींचा असतो. एक साचलेला, म्हणजे डेस्कटॉपवरच्या फायली, शॉर्टकट, टूलबार. दुसरा हलणारा, म्हणजे कोपऱ्यातून वर येणाऱ्या सूचना, टास्कबारवरचे लाल आकडे, हवामानाच्या जागी अचानक बातमीचा मथळा दाखवणारी विजेट्स. साचलेला बहुतेक वेळ उघड्या खिडक्यांच्या मागेच असतो आणि डोळ्यांना त्याची सवयही होते. हलणाऱ्याची होत नाही, कारण नजरेच्या कडेला हालचाल दिसली की तिकडे वळायचं ही डोळ्यांची घडणच आहे. म्हणून हलणारं आधी बंद करावं. साचलेलं नंतर सावकाश आवरता येतं.

विंडोज ११ वर मी काय केलं ते लिहिते. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, तिथे टास्कबार. विजेट्स बंद, टास्क व्ह्यू बंद, सर्चचा चौकोन 'हाइड'. शोध त्यामुळे बंद पडत नाही. विंडोज की दाबून थेट टाइप करायला लागलं की शोध सुरू होतोच. त्याच पानावर खाली 'टास्कबार बिहेव्हिअर्स' आहे. त्यात दोन खुणा काढल्या: आयकॉनवर आकडे दाखवणारी आणि आयकॉन लुकलुकवणारी. सगळ्या बदलांत सर्वाधिक फरक या दोन खुणांनी पडला, आणि नेमका त्यांचा उल्लेख फार कुणी करत नाही.

मग सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स. 'डू नॉट डिस्टर्ब' कामाच्या वेळेत आपोआप सुरू होईल असं लावलं. याच पानाच्या तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज' मध्ये विंडोज स्वतः देत असलेल्या टिपा, सूचना आणि अपडेटनंतरचं स्वागत यांच्या खुणा असतात, त्याही काढल्या. पर्सनलायझेशनमध्ये स्टार्ट मेन्यूच्या शिफारशी बंद केल्या. लॉक स्क्रीनवर स्पॉटलाइटऐवजी, म्हणजे विंडोजच्या आपोआप बदलणाऱ्या चित्रांऐवजी, एक साधं चित्र ठेवलं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. वर्डला मराठी शुद्धलेखन तपासणी मिळाली नाही किंवा परिच्छेदाची भाषा चुकून इंग्रजी राहिली, की सगळं पान लाल नागमोडी रेघांनी भरतं. असं पान वाचताना डोळे दुखतात आणि खरी चूक त्या लाल गर्दीत दिसतही नाही. आधी मजकूर निवडून त्याची प्रूफिंगची भाषा मराठी करून पाहा. तरीही रेघा राहिल्या तर फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग इथे जाऊन 'या दस्तऐवजापुरत्या शुद्धलेखनाच्या चुका लपवा' अशा अर्थाची खूण करा. लिब्रे ऑफिसमध्ये शिफ्ट + एफ७ दाबलं की रेघा जातात, पुन्हा दाबलं की येतात. कंट्रोल + एफ१ ने वर्डची रिबन मिटते आणि पानाला तेवढी उंची मिळते.

मला विचारायचंय ते असं. ज्यांचं काम व्हॉट्सॲप आणि मेलवर चालतं, सूचना बंद करणं ज्यांना परवडत नाही, ते काय करतात? मॅक आणि लिनक्सवाले काय वापरतात? आणि डेस्कटॉपवर एकही फाइल न ठेवणं हे खरंच गरजेचं आहे का, की तो नुसता दिखाऊ नीटनेटकेपणा?

टंकक_कोल्हापूर

ताई, धागा कामाचा काढलात. आमचं डीटीपीचं दुकान आहे. आमच्याकडं पसारा डेस्कटॉपपेक्षा सॉफ्टवेअरच्या आत जास्त. कोरल, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर, उघडलं की उजवीकडं डॉकर (पर्यायांची पॅनेल), डावीकडं टूल, वर दोन-दोन ओळी बटणांच्या. मधे पत्रिकेला उरते हातभर जागा. नवीन आलेली पोरं त्यात झूम करून करून दमतात.

इनडिझाइन आणि फोटोशॉपमध्ये टॅब दाबला की सगळे पॅनेल गायब, परत दाबला की हजर. शिफ्ट + टॅब दाबलं तर टूलची पट्टी राहते, बाकीचं जातं. इनडिझाइनमध्ये काही टाइप करत नसताना नुसतं डब्ल्यू दाबा, गाइडच्या आणि फ्रेमच्या रेघा जाऊन छापील पान कसं दिसेल ते दिसतं. फक्त मजकुराच्या चौकटीत कर्सर असला तर डब्ल्यू अक्षरच उमटतं, तेवढं बघा. कोरलमध्ये एफ९ दाबलं की पूर्ण पडदाभर काम दिसतं. गिऱ्हाईक शेजारी बसून प्रूफ बघत असलं की मी तेच करतो. नाहीतर ते पत्रिका सोडून 'हे बटण कशाचं' विचारत बसतंय.

दुसरं, मराठी टायपिंगची तरंगती पट्टी. जुन्या टायपिंग साधनांची ती छोटी पट्टी नेमकी जिथं काम चाललंय तिथंच येऊन बसायची. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आलाय. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथं मराठी भाषा घ्या, तिच्या कीबोर्डमध्ये फोनेटिक जोडा. विंडोज की + स्पेस दाबून इंग्रजी-मराठी फिरतं, वेगळी पट्टी लागत नाही. विंडोजची स्वतःची लँग्वेज बार तरंगत असली तर टायपिंगच्या 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' मध्ये लँग्वेज बारचे पर्याय असतात, तिथं ती टास्कबारमध्ये बसवता येते नाहीतर लपवता येते. पण जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टात काम करणाऱ्यांना हे चालायचं नाही, त्यांना त्यांचं जुनं साधन ठेवावंच लागणार. आमची निम्मी कामं अजून तशीच येतात.

मागचा_बाक

मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो. शब्दपालवी, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण त्यावर जुनं आणि चांगलं संशोधन आहे.

टेबलाची कल्पना पडद्यावर आणून ती बाजारात विकायला काढली झेरॉक्सच्या 'स्टार' यंत्राने, १९८१ साली. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, थॉमस मॅलोन या संशोधकाने कचेऱ्यांत जाऊन लोक आपली खरी, लाकडी टेबलं कशी लावतात याचा अभ्यास केला. त्याला दिसलं की कागदांच्या व्यवस्थित लावलेल्या फायली असतात तसेच नुसते ढीगही असतात, आणि त्या ढिगांचं एक महत्त्वाचं काम म्हणजे आठवण करून देणं. टेबलावर दिसतंय म्हणजे ते अजून व्हायचं आहे. फायलीत गेलं की नजरेआड गेलं. पुढे १९९५ मध्ये डेबोरा बॅरो आणि बॉनी नार्डी यांनी संगणकाच्या डेस्कटॉपबद्दल असंच लिहिलं: लोक फाइल कुठे ठेवली या जागेवरून ती शोधतात आणि तिच्या जागेकडूनच आठवणीचं काम करून घेतात.

म्हणून 'डेस्कटॉप कोरा ठेवा' हा सरसकट सल्ला मला पटत नाही. विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल मी मुद्दाम डेस्कटॉपवर, उजव्या वरच्या कोपऱ्यात ठेवतो. तपासून झाले की तिथून हलवतो. कोपरा रिकामा दिसला की काम संपलं हे कळतं. हेच अहवाल एखाद्या फोल्डरच्या पोटातल्या फोल्डरमध्ये ठेवले तर आठवणीसाठी दुसरं काहीतरी लागेल, बहुधा एखादी सूचना. म्हणजे साचलेला पसारा घालवून हलणारा आणल्यासारखं होईल.

अडचण सुरू होते ती आठवणीसाठी ठेवलेल्या चार फायली आणि तिथेच विसरलेल्या पन्नास फायली एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या आयकॉनने बसतात तेव्हा. त्या चारांचं काम पन्नासांमुळे बुडतं. हटवायच्या असतील तर त्या पन्नास हटवा.

शब्दपालवी

@मागचा_बाक, सर, हा मुद्दा फार उपयोगी आहे, आणि हलणाऱ्या पसाऱ्याबद्दलच्या माझ्या म्हणण्याला तो पूरकच आहे. आठवणीची फाइल शांतपणे वाट पाहते. आपण वेळ काढून तिच्याकडे बघतो. सूचना मात्र आपली वेळ स्वतः ठरवते.

मग आयकॉन्सचं असं करता येईल: काम चालू असताना डेस्कटॉपवर राइट क्लिक, व्ह्यू, 'शो डेस्कटॉप आयकॉन्स' ची खूण काढायची. फायली जागच्या जागीच राहतात, फक्त दिसत नाहीत. दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी खूण परत करून काय उरलंय ते पाहायचं. फाइल एक्सप्लोररमधल्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये त्या एरवीही दिसतातच.

सेतू_चालक

माझं तालुक्याच्या गावात ऑनलाइन अर्जांचं केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, सातबारा, पॅन. इथे पसाऱ्याचा प्रश्न लक्षापुरता राहत नाही. डेस्कटॉपवर जो पसारा पडतो तो लोकांच्या आधारचा, बँक पासबुकांचा, मुलांच्या गुणपत्रिकांचा. स्कॅन केलं की फाइल डेस्कटॉपवर, अपलोड झालं की पुढचं गिऱ्हाईक, फाइल तिथेच. पडदा काउंटरकडे वळलेला असतो आणि रांगेतल्या माणसाला दुसऱ्याच्या कागदाचं नाव वाचता येतं. असं होणं मला अजिबात चालत नाही, म्हणून आमची पद्धत सांगतो. इतर केंद्रवाल्यांना आणि शाळेतल्या कारकुनांना उपयोग होईल.

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल साठवायची जागा बदलता येते. ती डेस्कटॉपवरून काढून 'आजचे स्कॅन' अशा एका फोल्डरवर नेली. क्रोममध्ये डाउनलोड्सच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक फाइल कुठे साठवायची ते विचारा' चालू केलं. अर्ज भरून पावती निघाली की त्या माणसाच्या समोरच त्याचं फोल्डर शिफ्ट + डिलीटने काढतो, म्हणजे ते रीसायकल बिनमध्येही पडून राहत नाही. ज्याला प्रत हवी त्याला त्याच्या मोबाइलवर देतो.

जे हातातून निसटतं त्यासाठी सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, तिथलं 'स्टोरेज सेन्स'. डाउनलोड्समधल्या न उघडलेल्या फायली ठराविक दिवसांनी आपोआप काढण्याची सोय त्यात आहे. ती मुळात बंद असते. आम्ही १४ दिवसांवर ठेवली आहे. घरच्या संगणकावर मात्र हे विचार करूनच लावा, कारण बरेच जण डाउनलोड्स फोल्डरलाच कपाट समजून वापरतात.

फाइल एक्सप्लोरर उघडल्यावर 'अलीकडच्या फायली' दिसतात. त्याही काउंटरवरून वाचता येतात. फोल्डर ऑप्शन्समध्ये प्रायव्हसी या भागात त्या दाखवण्याच्या खुणा काढल्या. आणि सर्वांना विनंती: जिथे पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळतं.

चहा_कमी_साखर

@सेतू_चालक, दादा, प्रत्येक केंद्रात असं झालं पाहिजे. त्यात एक भर. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉप फोल्डरच्या फायली इंटरनेटवरही जातात. फुकट खात्यात जागा ५ जीबीच असते, ती स्कॅननी पटकन भरते आणि मग 'जागा संपली' च्या सूचना सुरू होतात. एका पसाऱ्यातून दुसरा तयार होतो. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये 'सिंक अँड बॅकअप' मध्ये डेस्कटॉप वगळता येतो. वगळण्याआधी फायली खरोखर कुठे आहेत हे तपासा, कारण कधी कधी मूळ प्रत फक्त तिकडेच राहते.

निवृत्त_शिक्षक

नमस्कार. माझे वय सत्तरीपुढे आहे. चर्चा वाचली, बरेचसे समजले. माझी अडचण निराळी आहे. संगणकावर वर्तमानपत्र वाचत असताना उजव्या खालच्या कोपऱ्यातून सारखे चौकोन वर येतात. 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत', 'संरक्षण आज संपत आहे', अशा अर्थाचे. लाल रंगात, उद्गारचिन्हांसह. मागे एका दुरुस्तीवाल्याने संपूर्ण विंडोज नव्याने टाकावी लागेल असे सांगितले. हे खरे व्हायरस आहेत काय? आणि ते थांबवायचे कसे?

खटपट्या_नाशिक

गुरुजी, नमस्कार. त्या चौकोनातल्या कशावरही क्लिक करू नका, दिलेल्या क्रमांकावर फोन करू नका, पैसे भरू नका. तुम्ही वर्णन केलं त्यावरून हा बहुधा व्हायरस नाही. क्रोमसारख्या ब्राउझरमधून येणाऱ्या संकेतस्थळांच्या सूचना आहेत. एखादं पान उघडल्यावर वर डावीकडे 'हे संकेतस्थळ तुम्हाला सूचना पाठवू इच्छितं' असं विचारलं जातं. काही लबाड पानं 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाव दाबा' असं लिहून परवानगी काढून घेतात. मग ते पान बंद केलं तरी जाहिराती येतच राहतात, आणि विंडोजच्याच सूचनांच्या जागी येत असल्याने त्या विंडोजच्याच वाटतात. ओळखायची खूण: चौकोनात बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि एखादा अनोळखी पत्ता असतो.

क्रोम असेल तर उजवीकडे वर तीन उभे ठिपके, सेटिंग्ज. डावीकडे 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'साइट सेटिंग्ज', त्यात 'नोटिफिकेशन्स'. खाली 'सूचना पाठवायची परवानगी असलेली' अशी यादी दिसेल. त्यातल्या प्रत्येक नावापुढच्या तीन ठिपक्यांवर जाऊन 'ब्लॉक' करा. सगळी नावं केलीत तरी बिघडत नाही, वर्तमानपत्र पूर्वीसारखंच उघडेल. मग त्याच पानाच्या वरच्या भागात 'संकेतस्थळांना सूचना पाठवू देऊ नका' हा पर्याय निवडा, म्हणजे पुढे कुणी विचारणारच नाही.

एवढ्यासाठी विंडोज नव्याने टाकायची गरज नसते. खात्रीसाठी विंडोज सिक्युरिटी उघडून 'क्विक स्कॅन' करून घ्या, ते विंडोजबरोबरच येतं आणि फुकट आहे. एक विचारतो: तुमची विंडोज १० आहे का? तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. त्याबद्दल विंडोजच्या सेटिंग्जमध्ये, अपडेटच्या पानावर संदेश दिसला तर तो खरा असतो. त्याकडे दुर्लक्ष नको.

उत्तररात्र

मॅकबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. मी म्युनिकमध्ये असते, ऑफिसचा मॅक आहे.

मॅकवर डेस्कटॉप भरतो तो मुख्यतः स्क्रीनशॉटनी, कारण ते मुळात तिथेच साठतात. कमांड + शिफ्ट + ५ दाबा, ऑप्शन्समध्ये साठवायची जागा बदला. निम्मा पसारा उगमापाशीच थांबतो. मॅकच्या २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून 'स्टॅक्स' आहेत: डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'यूज स्टॅक्स' केलं की एका जातीच्या फायलींचे गठ्ठे होतात. मला ते फारसं आवडत नाही. मागचा_बाक सर म्हणतात तसं मी जागेवरून ओळखते, आणि स्टॅक्स ती जागाच काढून घेतात.

सोनोमा आवृत्तीमध्ये, म्हणजे २०२३ मध्ये, एक बदल आला. वॉलपेपरवर चुकून क्लिक झालं तरी सगळ्या खिडक्या बाजूला सरकतात. लिहिताना हे फार त्रासदायक आहे. सिस्टिम सेटिंग्ज, 'डेस्कटॉप अँड डॉक', तिथे हा पर्याय 'फक्त स्टेज मॅनेजरमध्ये' (स्टेज मॅनेजर म्हणजे खिडक्या कडेला लावून ठेवणारी मॅकची सोय) असा करा. त्याच जागी डेस्कटॉपवरच्या फायली दाखवायच्या की नाहीत हेही ठरवता येतं. ऑप्शन + कमांड + डी ने डॉक लपतो. ऑप्शन + कमांड + एच ने चालू सॉफ्टवेअर सोडून बाकी सगळी लपतात, आणि मी सर्वात जास्त हेच वापरते. शब्दपालवी, तुला एकाच वेळी दोन खिडक्या लागतात, त्यामुळे तुला ते तितकं जमणार नाही.

लिनक्सचं ज्याला माहीत त्याने सांगावं.

पेंग्विन_साताऱ्याचा

लिनक्सचं थोडक्यात. ग्नोमने, म्हणजे लिनक्सवर पडदा, खिडक्या, मेन्यू दाखवणाऱ्या एका लोकप्रिय सॉफ्टवेअरने, २०११ मध्ये तिसरी आवृत्ती आणली तेव्हाच डेस्कटॉपवर आयकॉन न दाखवण्याचा निर्णय घेतला, आणि २०१८ मध्ये त्यांच्या फाइल व्यवस्थापकातून ती सोयही काढली. पुष्कळ लोक रागावले. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराने वेगळं एक्स्टेन्शन देऊन आयकॉन परत आणले. मला रिकामा पडदा मानवतो, पण वापरणाऱ्याला बंद-चालू करता यायला हवं होतं हे रागावणाऱ्यांचं म्हणणं बरोबर होतं. सूचनांसाठी 'डू नॉट डिस्टर्ब' चं बटण वरच्या पट्टीतच मिळतं, आवृत्तीनुसार घड्याळाखाली किंवा कोपऱ्यातल्या मेन्यूत.

तिसरा_मजला

ज्यांना सूचना बंद करणं परवडत नाही त्यांच्यातला मी. ग्राहकांच्या तक्रारी पाहणाऱ्या टीममध्ये आहे, मेल आणि चॅट दोन्ही चालू ठेवावं लागतं.

विंडोजच्या 'डू नॉट डिस्टर्ब' खाली 'प्रायॉरिटी नोटिफिकेशन्स' आहे. त्यात निवडलेली सॉफ्टवेअरंच तेवढी बोलू शकतात. टीम्समध्येही स्वतःची स्थिती 'डू नॉट डिस्टर्ब' ठेवून ठराविक माणसांना त्यातून सूट देता येते. माझ्या यादीत साहेब आणि रात्रपाळीचा एकच सहकारी. आउटलुकमध्ये मेल आल्यावर चौकोन, आवाज, कर्सर बदलणं, खालचं पाकिट अशा वेगवेगळ्या खुणा असतात. त्यातलं फक्त पाकिट ठेवलं. जुन्या आउटलुकमध्ये हे फाइल, ऑप्शन्स, मेल इथे मिळतं.

व्हॉट्सॲप मी दुसऱ्या डेस्कटॉपवर ठेवतो. विंडोज की + कंट्रोल + डी ने नवा आभासी डेस्कटॉप होतो, विंडोज की + कंट्रोल + डावा-उजवा बाण दाबून फिरता येतं. पहिल्यावर काम, दुसऱ्यावर गप्पा. नुसतं म्यूट करून भागत नाही, कारण व्हॉट्सॲप वेबच्या टॅबच्या नावात न वाचलेल्यांचा आकडा दिसतच राहतो. वेगळ्या डेस्कटॉपवर टाकला की तो टॅबच समोर नसतो.

पण एक गोष्ट इथे कुणी काढली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतल्या प्राध्यापक ग्लोरिया मार्क लोकांचं लक्ष पडद्यावर किती वेळ टिकतं ते मोजतात. २००४ च्या सुमारास ते सरासरी अडीच मिनिटं होतं, अलीकडच्या मोजणीत सुमारे ४७ सेकंद. त्यांच्याच कामातून असंही दिसलं की माणूस बाहेरच्या व्यत्ययाने काम सोडतो जवळपास तितक्याच वेळा स्वतःहून सोडतो. कुणी बोलावलेलं नसताना. सगळे आकडे, सगळे चौकोन बंद केले तरी हा अर्धा भाग उरतोच, आणि त्याला सेटिंग नाही.

शब्दपालवी

@तिसरा_मजला, हे अगदी खरं आहे. तरी मला वाटतं त्या अर्ध्या भागालाही पडद्याचा थोडा हात लागतो. आपण स्वतःहून उठतो तेव्हा बहुतेकदा जे एका क्लिकवर आहे तिकडे जातो. बुकमार्कची पट्टी समोर असली तर बातम्यांवर. नवा टॅब उघडला आणि त्यात मथळे दिसले तर त्यांच्यावर. म्हणून मी क्रोमची बुकमार्क पट्टी कंट्रोल + शिफ्ट + बी ने बंद ठेवते आणि नव्या टॅबवरचे शॉर्टकट काढून टाकलेत. एजवाल्यांना नव्या टॅबवरच्या बातम्या पानाच्या सेटिंगमधून बंद करता येतात. मनाचं भटकणं याने थांबत नाही, पण कुठे जायचं ते टाइप करावं लागतं. बऱ्याचदा त्या टाइप करण्यातच 'हे आत्ता नको' असं लक्षात येतं.

अर्धशिशी

मला मायग्रेन आहे. इथे सगळे लक्ष उडण्याबद्दल लिहीत आहेत, माझ्यासाठी हा प्रश्न दुखण्याचा आहे. खिडकी उघडताना फुगत येणं, मेन्यू सरकत येणं, पारदर्शक पट्टीतून मागचे रंग हलताना दिसणं, याने मला वाईट दिवशी मळमळायला लागतं. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, व्हिज्युअल इफेक्ट्स. तिथे 'ॲनिमेशन इफेक्ट्स' आणि 'ट्रान्स्परन्सी इफेक्ट्स' दोन्ही बंद करा. खिडक्या झटकन उघडतात-मिटतात, सरकणं बंद.

याचा फायदा विंडोजबाहेरही होतो. ॲनिमेशन बंद केलं की ब्राउझर संकेतस्थळांना कळवतो की या व्यक्तीला हालचाल कमी हवी आहे, आणि ज्यांनी संकेतस्थळ काळजीने बनवलंय तिथलं सरकणं-उडणंही थांबतं. सगळे पाळत नाहीत. इथे कुणी संकेतस्थळं बनवत असेल तर कृपया ही विनंती पाळा. आमच्यासारख्यांचा त्याने पुढचा अख्खा दिवस वाचतो.

लांब लेख वाचायचा असेल तर फायरफॉक्समध्ये विंडोजवर एफ९ दाबा. जाहिराती आणि कडेच्या पट्ट्या जाऊन नुसता मजकूर राहतो, अक्षरांचा आकार आणि पार्श्वभूमीही बदलता येते. मराठी लेखांना छान चालतं.

टंकक_कोल्हापूर

ॲनिमेशन बंद केलं तर आमच्यासारख्यांच्या जुन्या मशीनवर पण फरक पडतो, खिडक्या लवकर उघडल्यासारख्या वाटतात. आज दुकानातल्या दोन्ही मशीनवर करून टाकलं.

सेतू_चालक दादांचं वाचून गिऱ्हाइकांच्या फायलींचं पण बदललं. आता डेस्कटॉपवर एकच फोल्डर, 'चालू कामं'. आत प्रत्येक कामाचं नाव तारखेनं सुरू, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गिऱ्हाइकाचं आडनाव. असं लिहिलं की नावाप्रमाणं लावल्यावर आपोआप तारखेप्रमाणं लागतंय. छपाई झाली की फोल्डर 'झालेली कामं' मध्ये, दुसऱ्या ड्राइव्हवर. मागचा_बाक सर, तुमच्या कोपऱ्यासारखंच आहे हे, फक्त कोपऱ्याच्या जागी फोल्डर.

मागचा_बाक

@टंकक_कोल्हापूर, उत्तम पद्धत. त्या फोल्डरची खिडकी सकाळी एकदा उघडून बघायची सवय ठेवा, म्हणजे आठवणीचं कामही होईल.

अर्धशिशी, ब्राउझरच्या त्या विनंतीबद्दल मी या सत्रात वेब डिझाइनच्या वर्गात एक तास ठेवतो आहे. विद्यार्थ्यांना तुमचा प्रतिसाद, आयडी न सांगता, वाचून दाखवला तर चालेल का?

अर्धशिशी

सर, जरूर वाचून दाखवा.

निवृत्त_शिक्षक

श्री. खटपट्या यांनी सांगितल्याप्रमाणे नातवाला शेजारी बसवून केले. यादीत बरीच नावे निघाली, एकही मी ओळखत नव्हतो. सर्व ब्लॉक केली. काल सायंकाळपासून एकही चौकोन आलेला नाही. स्कॅनमध्येही काही सापडले नाही. माझी विंडोज १० च आहे, संगणक २०१५ चा आहे. आपले मनापासून आभार.

आता एक शंका. तो अपडेटच्या पानावरचा संदेश मलाही दिसतो. नवीन संगणक घेतल्यावाचून मार्ग आहे काय?

खटपट्या_नाशिक

गुरुजी, फार बरं वाटलं. २०१५ चा संगणक विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बहुधा बसणार नाही. तुम्ही मुख्यतः वाचन आणि मेल करत असाल तर त्याच संगणकावर लिनक्स मिंट टाकता येईल, किंवा विंडोज १० साठी सुरक्षा अपडेट पुढे चालू ठेवण्याची मायक्रोसॉफ्टची जी योजना आहे तिच्यात नाव नोंदवता येतं का ते बघू. त्याच अपडेटच्या पानावर तसा दुवा दिसतो का ते नातवाला पाहायला सांगा आणि संगणकात रॅम किती आहे तेही कळवा. त्यासाठी वेगळा धागा काढू, म्हणजे साताऱ्याचे पेंग्विनही तिथे येतील.

पेंग्विन_साताऱ्याचा

येतो. गुरुजी, रॅमबरोबर हार्ड डिस्क आहे की एसएसडी तेही बघून ठेवा.